बदकांच्या ओळखीचा रेनकोट

४ फेब्रुवारी

धाकटे,

'चिमणे' लिहिणार होते, पण ते आईचं नाव आहे तुझ्यासाठी, मी कशाला उष्टावू. आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, तोवर राग ओसरला तर.

तुझी बदकं घेऊन जा. एवढंच सांगायला हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस, आणि मग आई मला विचारते की तू तिला काय बोललीस. शिवाय रविवारचा फोन तुझा आणि आईचा. त्या वेळी मी शिलाई मशीन जोरात चालवते, म्हणजे मी ऐकत नाही हे तुम्हा दोघींनाही कळावं.

तू गेलीस दूरच्या शहरात लोकांचे दात घडवायला, आणि माझ्या गळ्यात आई, तिचे अधू डोळे आणि ही सात बदकं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. परसात आता औषधालासुद्धा गवत उरलेलं नाही. टबात डोकं बुडवायचं, वर काढून झटकायचं, सांडलेल्या पाण्यात चोची खुपसून चिखल करायचा, आणि तोच चिखल पुन्हा टबात नेऊन धुवायचा. हेडमास्तरीण बाई कोटाचं माप द्यायला मागच्या दाराने आल्या, त्यांची एक सँडल अजून सापडलेली नाही.

दिवसाचं मी सहन करते. संध्याकाळी मात्र माझा अंत बघतात. खुराड्याचं दार उघडून मी बोलावते, दाणे वाजवते, बादली आपटते. तू नुसतं 'या गं बायांनो' म्हणायचीस आणि सगळी रांगेने आत जायची, शाळा सुटल्यासारखी नाही, भरल्यासारखी. मी बोलावलं की माना वाकड्या करून बघतात आणि कुंपणाखाली शिरतात. जशी काही मी वीज तोडायला आले आहे. मग मी खराटा घेऊन मागे, ती पुढे, आणि आई खिडकीत बसून आवाजावरून सगळं ओळखते आणि म्हणते, "चिमणीची गोष्टच वेगळी होती."

चिमणीची गोष्ट वेगळीच असते. तू चिमणी आणि मी थोरली. तू जन्मलीस तेव्हा मी तीन वर्षांची होते, तेव्हापासून थोरली आहे. परवा डॉक्टरांकडे आईने डोळे दाखवायच्या आधी तोंड उघडून कवळी दाखवली. म्हणाली, माझ्या धाकटीने केलीय, बघा, अक्रोडसुद्धा फुटतो. अंगावर जो गाऊन होता तो मी शिवलेला, त्याची बटणपट्टी मी दोनदा उसवून शिवली होती. गाऊन कोण बघतो. आई हसली की तुझे दात दिसतात आणि मला त्यांच्यासमोर बसून जेवावं लागतं.

बदकांचं बघ लवकर. नाहीतर कसाई आपल्याच गल्लीत राहतो.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. बदकांबद्दल दोन पानं आणि माझ्याबद्दल 'तू बरी असशीलच'. असेनच.

तू विचारलंस म्हणून सांगते. लंगडी तपकिरी गेली. एका संध्याकाळी ती कुंपणाखालून बाहेर आलीच नाही, आणि सकाळी कुत्र्याने जेवढी ठेवली होती तेवढी मला मिळाली. मागच्या पत्रात मी सात लिहिली होती. तेव्हाही सहाच होती. आता तू रडशील आणि मला ते ऐकावं लागणार नाही, हा पत्राचा एक फायदा आहे.

दाण्यात यीस्ट मिसळायला लागले आहे. नुसता कोंबड्यांचा दाणा दिला की बदकांचे पाय अधू होतात, हे तू जायच्या आधी सांगितलं असतंस तर लंगडी लंगडी झालीच नसती. सकाळी ऊन चढेपर्यंत त्यांना आतच ठेवते, म्हणजे अंडी चिखलात न पडता पेंढ्यात पडतात, हेही ऐकलं. पण तुझा पिवळा रेनकोट मी घालणार नाही. तू लिहितेस की ती माणूस ओळखत नाहीत, कोट ओळखतात. अंग झटकून भिजवतात म्हणून तू उन्हातही तो घालायचीस आणि त्यांच्या लेखी तो कोट म्हणजेच तू. असेल. पण लहानपणी माझे उतरलेले कपडे तू घालायचीस. आता या वयात मी तुझे उतरलेले घालू? मी शिवणारी बाई आहे.

बाकी तुझ्या त्या 'साहेबा'चा आवाज बसला आहे असं मला वाटलं होतं, मी त्याला कोमट पाणीसुद्धा दिलं. मग कळलं की नराचा आवाज घोगराच असतो आणि आरडाओरडा सगळा बायकांचा. हेही तू सांगितलं नव्हतंस.

ताई


१२ मार्च

धाकटे,

घातला.

कुत्रं पुन्हा कुंपणापाशी घोटाळत होतं, अंधार पडायला आला होता आणि सहाही बाहेर. दारामागच्या खुंटीवरून कोट ओढला, बाह्या मला आखूड होतात, आणि बादली घेऊन गेले. काय सांगू. धावत आली गं. पंख पसरून, एकमेकींच्या अंगावर पडत, साहेब सर्वांत मागे. माझ्या पायाशी येऊन असा कलकलाट केला की जशी मी दूरच्या शहरातून परत आले आहे. मी दार उघडलं तशी आत गेली. एवढे दिवस मी घसा फोडत होते, आणि त्यांना हवा होता एक प्लॅस्टिकचा कोट. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथे उभी राहून त्या कोटावर जळले.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. खिडकीतून आई म्हणाली, "चिमणे, आलीस?"

तिला कोटाचा पिवळा डाग दिसला असेल, बाकी आता तिला काय दिसतं. मला वाटलं, वर जाऊन सांगावं, आई, मी आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "थोरली ऐकत नाही ना? मशीन बंद आहे तिचं." मग मी कशी हलणार? तू हलली असतीस?

म्हणाली, थोरली फार धुसफुसते गं. कपबशी ठेवते तीही आपटून. औषध अशी देते की वाटतं, घेतलं नाही तर कोपऱ्यात उभं करील. दिवसभर मशीन, आणि बोलली तर हे सांडलंस का आणि ते कुठे ठेवलंस. म्हणाली, मला डोळ्यांनी दिसत नाही, निदान ऐकायला तरी काही हवं की नको घरात.

बघ. राबते मी, आणि गाऱ्हाणं तुझ्याकडे. तेही तू इथे नसताना. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मी बादली आपटणार होते, पण ती उचलून धरली, कारण मला पुढचं ऐकायचं होतं.

पुढेही काही बोलली. ते मी लिहिणार नाही. बोलली तुझ्या कोटाशी, पण आत मी होते.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

बदकं नेण्याची घाई करू नकोस. आता अंडी देतायत. पांढरीचा डोळा चिकटत होता, टब खोल केला, डोकं पूर्ण बुडायला लागल्यावर आपोआप बरा झाला. डोळे बुडवता आले नाहीत तर बदकाचा डोळा बिघडतो, हे तुला माहीत असेलच, पण मी स्वतः शोधून काढलं. आईला रोज सकाळी एक अर्धकच्चं उकडून देते. म्हणते, चिमणीच्या बदकांचं अंडं काही औरच. उकडतं कोण, विचार.

कोट रोज घालते. खडखडीत उन्हातही. लपवत नाही तुझ्यापासून. संध्याकाळ झाली की मशीन लवकर थांबवते, हेडमास्तरीण बाईंचा कोट अजून बिनबाह्यांचा आहे. आई खिडकीत येऊन बसलेली असते आणि 'चिमणे' म्हणून सुरू होते. आधी थोरलीचं गाऱ्हाणं, मग इकडचं तिकडचं, तिच्या लहानपणचं. मला हे कधी सांगितलं नव्हतं. तुला सांगायची का? मी मशीनवर असताना तुम्ही दोघी हेच बोलत होतात का? मी फक्त खुसखुस ऐकायची आणि मला वाटायचं माझ्यावर हसताय.

तुझं सोंग घेऊन मी तुझ्या वाट्याचं खातेय, आणि खाऊनही पोट भरत नाही, कारण पानावर नाव तुझं. वर घरात गेले की तीच आई मला 'हं' आणि 'ठेव' एवढंच बोलते. आताशा मी कपबशी हळू ठेवते. तिने एकदा बशी चाचपून बघितली, मी ठेवली की नाही ते. डॉक्टरांना विचारलं, डोळ्यांबरोबर डोकंही जातंय का. ते म्हणाले, डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आता तुझ्या पत्राचं मुख्य. तू आईला न्यायला येतेयस. खोली तयार आहे, तिकीट काढलंय, तिकडे डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. हॉस्पिटलचं तू मनातून काढ. डोळ्याच्या मागचा पडदाच सुकलाय, तिथे ऑपरेशन करायला काही शिल्लक नाही, कागद सोबत पाठवते. बाकी राहिली खोली. तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे? खिडकीखाली काय आहे? मी विचारतेय फक्त.

मी आईला अडवणार नाही. तिने जायचं म्हटलं तर तिची बॅग मीच भरीन, गाऊनची बटणं तपासून. आणि ती जाईल. मला माहीत आहे. जिच्याशी ती रोज खिडकीतून बोलते तीच न्यायला आल्यावर ती माझ्यापाशी कशाला राहील? तुझ्यावर माझा एवढा राग आहे की आज दोन बाह्या उलट्या जोडल्या.

ताई


६ मे

धाकटे,

तू काल दोन दिवस आधीच निघून गेलीस. तिकीट एकीचंच वापरलंस. मी पोळीसारखी फुगले आहे, हे कबूल करते. काल रात्री जेवण जास्त गेलं.

तू आलीस तेव्हाचं आधी सांगते, तुला काय वाटलं मला माहीत नाही, पण मला काय वाटलं ते तरी कळू दे. तू नवी कवळी घेऊन आलीस. मी मनात म्हणत होते, बसू नये, बसू नये. बसली. आरशात काही दिसत नसूनही आई आरशासमोर उभी राहिली. मग तू परसात गेलीस. आदल्या दिवसापासून मी त्याच क्षणाला भीत होते, की बदकं तुला बघून वेडी होतील. तू हाक मारलीस, 'या गं बायांनो', आणि ती कुंपणाखाली गेली. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं आणि मी तोंडात टाचण्या धरल्या.

मग तू आत येऊन खुंटीवरचा कोट काढलास. मला न विचारता. तुझाच आहे, विचारायचं कशाला, पण माझ्या हाताचा वास त्याला लागलाय आता, आणि एक फाटलेली शिवण मी आतून पक्की केली होती. मी मागच्या खिडकीशी इस्त्री करत होते. तू बादली घेऊन गेलीस, बदकं धावत आली, आणि वरून आई म्हणाली, "थोरले, जरा इकडे ये."

थोरले म्हणाली. तुला. मी इस्त्री तशीच धरून राहिले आणि कॉलर करपली. दीड-दोन महिने कोटात मी आणि नाव तुझं, आणि आज कोटात तू आणि नाव माझं. मला वाटलं, तिच्या लेखी शेवटी तो कोट माझा झाला. तू बाजारात गेली आहेस असा तिचा समज असेल. पुढचं मला बदकांच्या कलकलाटात ऐकू आलं नाही. तू मात्र हललीच नाहीस. दाणे संपले, बदकं पांगली, तू तिथेच मान खाली घालून उभी. मग आत आलीस, कोट खुंटीला लावलास आणि म्हणालीस, "आई इथेच राहू दे, ताई. मी तिकीट रद्द करते." डोळे कोरडे होते तुझे. मी तुला ओळखते, एवढ्यावर तू रडायला हवी होतीस.

आई तुला मी समजून मनातलं बोलली असणार. थोरलीजवळच राहायचंय, चिमणीला कसं सांगू, असं काहीतरी. आता कळलं ना कोटात उभं राहून ऐकताना कसं वाटतं?

मी वाईट आहे. पण जिंकले.

ताई


१४ मे

धाकटे,

मागचं पत्र फाडून टाक. फाडलं नसशील तर ठेव, पण त्यातलं शेवटचं वाक्य खोटं निघालं.

परवा कोट धुऊन वाळत घातला होता, म्हणून मी नुसतीच गेले. म्हटलं, येत नाहीत तर न येवोत. बादली आपटली आणि सहाही आली. कोट नाही, काही नाही. बादलीच्या आवाजाला आली. मी तोंडात बोट घालून उभी, आणि वरून आई म्हणाली, "आज कोट घातला नाहीस?"

मी विचारलं, तुला दिसतं? म्हणाली, दिसत कुठलं, सळसळ आली नाही.

वर गेले, तिच्यासमोर बसले आणि विचारलं की मग इतके दिवस तू कोणाशी बोलत होतीस. तिने कवळी काढून पाण्यात ठेवली, सावकाश, आणि मग बोलली. ते जसं बोलली तसं लिहिते.

"तू बादली आपटतेस, चिमणी ठेवते. एवढं कळायला डोळे कशाला लागतात? तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू भांडली असतीस, आणि तिला सांगितलं असतं तर ती रडली असती. दुसरीला सांगतेय असं वाटलं की दोघीही गप्प उभ्या राहून ऐकता."

लेकी बोले सुने लागे. घरात सून नाही, म्हणून तिने एका लेकीच्या नावाने दुसऱ्या लेकीला ऐकवलं. आणि आपण दोघी शहाण्या एकाच कोटात शिरून ऐकत राहिलो.

म्हणजे तू कोटात होतीस तेव्हा तिने तुला मी समजून काही सांगितलं नाही. तू आहेस हे माहीत असूनच सांगितलं. ते सगळं तुझ्यासाठीच होतं. हे मी तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं. तू आयुष्यभर समजली असतीस की आईने तुला ओळखलं नाही, आणि मला आत कुठेतरी ते बरं वाटलं असतं. दोन दिवस बरं वाटूनही घेतलं. पण तू कोरड्या डोळ्यांनी आत आली होतीस ते जात नाही डोळ्यांसमोरून. तर घे. तिने तुझी बादली ओळखली होती.

मी विचारलं तिला, मग तू चिमणीला काय सांगितलंस. म्हणाली, "ते तिचं आणि माझं."

तुला माहीत आहे मला कसं झालं असेल. मी म्हटलं, मी रोज तुझं सगळं करते आणि मलाच सांगत नाहीस? तर म्हणाली, "तुला कोटात सांगितलं ते तरी मी तिला कुठे सांगितलं? ते तुझं आणि माझं."

मग मी तो विषय सोडला. कारण मार्चमध्ये जे मी तुला लिहिलं नव्हतं, ते अजून माझ्यापाशी आहे. गाऱ्हाण्यांच्या नंतरचं. ते तुझ्या नावाने सांगितलेलं पण माझ्यासाठीच होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं, आणि मी चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. तेव्हा तूही विचारू नकोस मला, आणि मीही तुला विचारणार नाही. विचारावंसं वाटतं. पण नाही.

पांढरी खुडूक होऊन पेंढ्यात बसली आहे, हाकललं तर चावते. पाळलेली बदकं सहसा बसत नाहीत म्हणतात, पण ही बसलीय. पिल्लं निघाली तर त्यांना तुझी ओळख लागायला हवी, मोठी झाल्यावर उपयोग नाही. रजा काढून ये. येशील तेव्हा कोट घालू नकोस, आणि बादली ठेवायची तशीच ठेव.

पहिल्या पत्रात द्यायचे राहिलेले आशीर्वाद देते. राग ओसरला म्हणून नव्हे. आई त्या संध्याकाळी तुझ्याशी किती वेळ बोलत होती ते मी इस्त्री धरून पाहिलं आहे. एक अख्खी कॉलर जळून जाईपर्यंत. माझ्याशी एवढा वेळ ती कधीच बोललेली नाही.

ताई